सपाट तळाच्या होडीला आऊटबोर्ड बसवताना: आधी फळी मोजा, मग इंजिनाला हात लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबईत चारकोपला राहता, मनोरीच्या खाडीत गळ टाकायला जाता. १२ फुटी, सपाट तळाची फायबरची होडी आहे, तिच्या मागच्या फळीची उंची १६ इंच, रुंदी ४ फूट. जुन्या बाजारात ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, लाँग शाफ्टचं (लांब पायाचं) आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगायचं इंजिन, बऱ्या किमतीत मिळालं म्हणून घेतलंत. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक चालतं. पुढे पिळलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आकाशाकडे उचलते, मागून फवारा उडून होडीत पाणी येतं, वेग वाढत नाही, आणि ओहोटीला इंजिन चिखल घासतं, गरम होतं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर उघडू. कोणी म्हणतं इंजिन कमी पडतंय, १५ चं घ्या.

दोन्ही करू नका. इंजिनात दोष आहे असं तुमच्या वर्णनातून अजिबात दिसत नाही. दोष आहे तो इंजिन पाण्यात किती खोल आहे, कोणत्या कोनात आहे आणि होडीतलं वजन कुठे आहे यात. या तीन गोष्टी जागेवर आल्या की हेच ८ चं इंजिन तुम्हाला पुरेल.

ताकदीचा मुद्दा आधी निकालात काढतो. छोट्या होड्यांसाठी अमेरिकन कोस्ट गार्डचा एक सोपा नियम आहे. होडीची लांबी फुटांत आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत, यांचा गुणाकार करायचा. तुमचा आला ४८. ४६ ते ५२ मध्ये जास्तीत जास्त १५ हॉर्सपॉवर, पण सपाट तळाची, कडेला कोन असलेली होडी असेल तर एक पायरी खाली, म्हणजे १०. तुमचं ८ चं बरोबर बसतं. १५ चं लावलंत तर मागे वजन वाढेल, नाळ आणखी उचलेल, आणि सपाट तळ वळणावर घसरतो तेव्हा ती जादा ताकद तुमच्या विरुद्ध काम करेल. आपल्याकडे ही सक्ती नाही, पण मी नवीन होडी पाहताना हाच हिशेब आधी करतो.

आता खोली. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) लगेच वर, एक आडवी सपाट पाती असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये हे तिचं काम. सपाट तळाच्या होडीला ही प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. त्यापेक्षा वर गेली तर पंखा हवा खातो, इंजिन ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर इंजिनाचा जाडजूड पाय पाणी कापत जातो, तेच पाणी पायावरून वर चढून होडीत उडतं, वेग मरतो, हँडल जड होतं. तुमचा फवारा तिथूनच येतोय.

बोलीत १५ इंची शाफ्ट शॉर्ट आणि २० इंची लाँग. पण या आकड्यांवर विसंबू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांत शॉर्ट म्हणवणारा शाफ्ट प्रत्यक्षात १७ च्या आसपास भरतो आणि लाँग २२ च्या. इंजिन फळीच्या माथ्यावर जिथे टेकतं त्या खोबणीपासून प्लेटपर्यंत टेप लावा. मग फळीच्या मधोमध, माथ्यापासून तळाच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. फळी तिरकी असली तरी टेप फळीला चिकटवूनच धरा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची प्लेट तळाच्या किती खाली आहे ते. इंजिन २१ भरलं तर तुमची प्लेट ५ इंच खाली आहे. ५ इंच म्हणजे मनोरीच्या खाडीत ओहोटीला चिखलातच.

खात्रीसाठी गवंड्याकडची लांब ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. होडी दोन लाकडी घोड्यांवर किंवा टायरवर ठेवा, पट्टी तळाला घट्ट लावून मागे इंजिनापर्यंत नेऊन धरा. प्लेट पट्टीच्या किती खाली आहे आणि पट्टीला समांतर आहे की नाही, दोन्ही एकाच नजरेत कळतं. हे करतानाच तळाच्या मधोमध लांब पट्टी, म्हणजे खोटा कणा, आहे का बघा. असेल आणि ती थेट फळीपर्यंत आली असेल तर तिच्या मागे ढवळलेलं, हवेचं पाणी सरळ पंख्यात जातं. ती फळीच्या फूट-दीड फूट आधी संपवून, निमुळती करून टाका. फिशफाइंडर (मासे दाखवणारं यंत्र) लावला असेल तर त्याचा पाण्यातला डोळाही मध्यावर नको, एका बाजूला घ्या.

तुमच्या बाबतीत उपाय म्हणजे फळी ४ इंचांनी उंच करणं. इंजिनाचा पाय कापता येत नाही आणि शॉर्ट शाफ्टचं इंजिन शोधायला पुन्हा पैसे जातील. पण फळीवर नुसता लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर इंजिन आवळू नका. असं अनेक होड्यांवर दिसतं. त्यात चाव्या, म्हणजे इंजिन फळीला आवळणारे स्क्रू, फक्त ठोकळ्याला धरतात आणि एखाद्या लाटेला सगळं इंजिन ठोकळ्यासकट निघून येतं.

त्याआधी जुन्या फळीची तब्येत तपासा, कारण उंची वाढली की इंजिनाचा फळीवरचा जोर वाढतो. हातोडीच्या लाकडी मुठीने फळी इंचाइंचावर ठोका. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. आत लाकूड कुजलं असेल तिथे बद्द आवाज येतो आणि मूठ उसळत नाही. जुन्या बोल्टच्या भोकांभोवती नीट ठोका, पाणी तिथूनच शिरतं. शंका आली तर आतल्या बाजूने, तळाजवळ, ६ मिलिमीटरचं एक भोक पाडून भुसा बोटांत चोळून बघा. पिवळसर, कोरडा आणि कुरकुरीत असेल तर निर्धास्त राहा. काळपट, ओला आणि वास मारणारा असेल तर उंची वाढवण्याचा विषय बाजूला ठेवा आणि आधी फळीचं लाकूड बदला.

फळी चांगली निघाली तर असं करा. बाहेरून एक आणि आतून एक अशा १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या दोन फळ्या घ्या. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या. साधा वॉटरप्रूफ प्लाय दोन पावसाळ्यांत सुटतो. त्या जुन्या फळीच्या माथ्यावर ४ इंच वर आणि खाली किमान १० इंच याव्यात. वरच्या ४ इंचांत दोन्हींच्या मध्ये जुन्या फळीच्या जाडीचा सागाचा तुकडा भरा. साग तेलकट असतो, इपॉक्सी लावण्याआधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर चिकटत नाही. एकूण जाडी आधी कागदावर मांडा, कारण छोट्या इंजिनांच्या चाव्या साधारण दोन-सव्वादोन इंचच उघडतात. तुमच्या इंजिनाच्या चावीचं तोंड मोजून मगच प्लायची जाडी ठरवा. सगळं इपॉक्सीने चिकटवून १० मिलिमीटरचे चार बोल्ट आरपार घ्या. प्लायच्या कडा इपॉक्सीने तीनदा भिजवून बंद करा, पाणी कडेतूनच आत जातं. बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतात. ३०४ स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात त्यावर डाग आणि खड्डे पडतात. आत फळीपासून तळापर्यंत दोन्ही बाजूंना तिरके टेकू नसतील तर तेही आत्ताच घाला.

भोकं पाडण्याची एक पद्धत पाळा. भोक हवं त्याहून मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टभोवती लाकूड उघडं राहत नाही. वर पॉलियुरेथेन सीलंट. वेळ लागतो, पण फळी कुजण्याचं मूळच जातं.

आता इंजिन चढवा. बरोबर मध्यावर, चाव्या हाताने घट्ट. चाव्या थरथरीने सैल होतात, म्हणून ब्रॅकेटच्या खालच्या खाचांतून दोन बोल्ट आरपार टाका. अर्धा तास चालवल्यावर चाव्या पुन्हा आवळा. आणि इंजिनाच्या पकडीतून एक स्टेनलेसची साखळी होडीच्या कडीला बांधा. साखळ्या आणि शॅकल (साखळी जोडायच्या कड्या) मुंबईतल्या दारूखाना भागातल्या जहाजांच्या भंगार बाजारात धुंडाळा.

उंची जुळली तरी कोन उरतो. ब्रॅकेटमध्ये चार-पाच भोकं आणि एक आडवी पिन असते. तुमची पिन सगळ्यात बाहेरच्या भोकात असणार, असं नाळ उचलण्यावरून वाटतं. इंजिन बंद करून, मधल्या भोकापासून सुरुवात करा. होडी धावताना प्लेट पाण्याच्या पातळीला समांतर हवी. एक भोक आत घेतलं की नाळ खाली येते, बाहेर घेतलं की वर जाते. फार आत घेऊ नका. नाळ पाण्यात खुपसली की सपाट तळाची होडी पुढच्या टोकावर वळायला लागते आणि हँडल हातातून ओढलं जातं. पूर्ण वेगात नाळ डोलायला लागली, वर-खाली, वर-खाली, तर पिन एक भोक आत घ्या.

पण नाळ उचलण्याचं खरं कारण पिनेपेक्षा जास्त वजनाच्या मांडणीत आहे, आणि तुम्ही लिहिलेलंच वाचून सांगतो. इंजिन मागे, ते पंचवीस-तीस किलो. तुम्ही हँडल धरून मागच्या बाकावर, ८० किलो. पेट्रोलची टाकी पायाशी. फिशफाइंडरची बॅटरी मागच्या कोपऱ्यात. नांगर आणि दोर मागेच. पुढे काहीच नाही. अशा होडीत ८ काय, २० चं इंजिन लावलं तरी ती चढावर चालल्यासारखीच जाणार. टाकी मध्यापुढे न्या. नळी लांब घेतलीत तरी चालते, फक्त आतला व्यास जुन्या नळीइतकाच ठेवा आणि पायाखाली दबणार नाही अशी कडेने बांधा. बॅटरी पुढे, झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने आवळून. नांगर नाळेत, तो तिथेच असायला हवा. भाऊ बरोबर असेल तेव्हा त्याला मधल्या बाकावर बसवा. एकटे असाल तेव्हा हँडलला एक्स्टेंशन लावा आणि तुम्हीच मधल्या बाकाकडे सरका. एकट्याने जाणाऱ्याला नव्या पंख्यापेक्षा हे एक्स्टेंशन जास्त फरक देतं. मात्र मारदोरी, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाची दोरी, मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय हँडल पकडूच नका. सपाट होडी एखाद्या उभ्या लाटेला गचका खाते, हात सुटतो, माणूस बाहेर, आणि होडी त्याच्याभोवती गोल फिरायला लागते. तिचा पंखा फिरतच असतो. ती दोरी याच क्षणासाठी आहे.

एवढं झाल्यावर चाचणी. शांत पाण्यात, एका वेळी एकच बदल. फोनवरचा जीपीएस वेग जाताना आणि येताना दोन्ही वेळा घ्या, कारण खाडीत भरतीचा ओघ एका दिशेला वेग फुगवतो. फवारा अजून असेल तर इंजिन अर्धा इंच उचला. मग जोरात वळून बघा; वळताना इंजिन अचानक ओरडलं म्हणजे पंख्याने हवा घेतली, अर्धा इंच परत खाली घ्या, तीच तुमची जागा. हे उचलणं-उतरवणं सोपं जावं म्हणून नव्या माथ्यावर सुरुवातीला अर्ध्या इंची सागाच्या पट्ट्या ठेवा, चाव्यांची पकड मात्र पूर्ण फळीवर असू द्या, आणि आरपारचे बोल्ट जागा ठरल्यावरच टाका. दर बदलानंतर कॅव्हिटेशन प्लेटखालच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्या पूर्ण बुडालेल्या आहेत ना आणि इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार येते ना, हे बघायचंच.

पंख्याला सगळ्यात शेवटी हात लावा. त्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने किती इंच पुढे जाईल ते. नेहमीच्या वजनात पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाचे फेरे पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात येतात का बघा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो पुरतो. फेरे कमी पडत असतील तर पिच एक इंच कमी, वर जात असतील तर एक इंच जास्त. इंचाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. जाळी, बर्फ, माणसं घेऊन जाणाऱ्याला कमी पिचच बरा.

गरम होण्याचं सविस्तर लिहितो, कारण मुंबईच्या खाड्यांत इंजिनं मरतात ती इथेच. मनोरी असो, ठाणे खाडी असो की वसईची, तळाला मऊ गाळ आणि त्यात प्लास्टिक. इंजिन थंड करायला हेच पाणी आत ओढलं जातं, आणि ते ढकलतो एक छोटा रबरी इंपेलर. गाळ म्हणजे बारीक घासकागद; तो रबराची पाती खातो. म्हणून इंपेलर वर्षाला बदला, धार चांगली दिसत असली तरी. मागून येणारी पिचकारी हा तुमचा एकमेव साक्षीदार. ती बारीक झाली की थ्रॉटल सोडा. थांबली की इंजिन बंद, लगेच. आधी पिशवी अडकली आहे का बघा. मग तंगूसाचा (गळाच्या नायलॉन दोरीचा) जाड तुकडा घेऊन पिचकारीच्या तोंडात घाला आणि आत-बाहेर करा. बऱ्याचदा मिठाचा किंवा चिखलाचा खडा असतो, धार परत येते. मी तंगूसाचा असा हातभर तुकडा इंजिनाच्या हँडललाच बांधून ठेवतो. तार घालू नका, आतला प्लास्टिकचा नळ फाटतो.

तंगूस दुसऱ्या बाजूने शत्रूही आहे. तुटलेलं जाळं पंख्याला लागलं की वरून काढून भागत नाही. एक-दोन फेरे पंख्यामागे शाफ्टवर शिरतात, गरम होतात आणि ऑइल सील कापतात. म्हणून जाळं लागल्यावर घरी येऊन पंखा उतरवाच, मागे बघा, शाफ्टला ग्रीस लावून परत बसवा. सील गेलं की नाही हे गिअर ऑइल सांगतं. खालचा स्क्रू थोडा सैल करा आणि पहिले थेंब बोटावर घ्या. तेलकट, पारदर्शक असेल तर ठीक. दुधाळ, पांढरट असेल तर पाणी शिरलंय, सील बदलेपर्यंत इंजिन चालवू नका. तेल भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही.

उथळ पाण्यासाठी बहुतेक छोट्या इंजिनांना अर्धवट उचलून चालवायची एक खाच असते. तिवरांच्या काठाने जाताना ती वापरा, पण अगदी हळू. त्या स्थितीत रिव्हर्सचं लॉक लागत नाही, मागे घेतलंत तर इंजिन उसळून वर येतं.

दर फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा मिनिटं. घराजवळ नळाची सोय नसेल तर २०० लिटरचा निळा ड्रम, पाणी प्लेटच्या वर येईल इतकं भरा, न्यूट्रलमध्ये मंद चालवा. मग इंजिन उभंच ठेवून सगळं पाणी निथळू द्या. इंजिनाच्या पायावर गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा असतो, तो अर्ध्यावर आला की बदला आणि त्याला कधीही रंग लावू नका. रंगवलेलं झिंक काही काम करत नाही, मग गंज इंजिनाच्या ॲल्युमिनियमला लागतो.

पेट्रोलबद्दल दोनच गोष्टी. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि बहुतेक आऊटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल दमट हवेतून पाणी ओढतं आणि जुन्या नळ्यांचं रबर मऊ करतं. तेव्हा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, नळी आणि तिच्यातला पेट्रोल ओढायला दाबायचा रबरी फुगा नवा घ्या, फेरीपुरतंच पेट्रोल भरा, आणि पंधरा दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून ठेवा. टू-स्ट्रोकला तेल टीसी-डब्ल्यू३ मार्कचंच. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनलेलं असतं, ते इथे नको. ५० ला १ चं प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर; पण तुमच्या इंजिनाच्या टोपणावर जे लिहिलंय तेच खरं.

कागदपत्रांचं महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारा. इंजिन लागलं की होडी यांत्रिक ठरते आणि नोंदणीचा प्रश्न येतो. मासे विकणार असाल तर मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना वेगळा, आणि १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना लागू असते. तसाही त्या दोन महिन्यांत ही होडी खाडीच्या तोंडाशी नेण्यासारखी नाही.

पहिल्या चाचणीची वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा कोळीवाड्यातला जुना हिशेब अंदाजाला उत्तम आहे: चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या. नेमकी वेळ तक्त्यात बघा. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि मुंबईत पाणी चार मीटरहून जास्तही चढतं-उतरतं, म्हणून पहिल्या दिवशी त्या तिथी टाळा आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, निवडा, पाण्याला ओढ कमी असते. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी निघा, चढत्या पाण्यात. इंजिन रुसलं, चिखलात बसलात, तरी पाणी येऊन तुम्हाला उचलेल. उतरत्या पाण्यात बसलात तर पुढचे सहा-सात तास तिथेच. वल्हं, लांब बांबू, प्यायचं पाणी आणि जॅकेट होडीत हवंच, आणि मनोरी जेटीवर कुणाला तरी सांगून जा की किती वाजता परतणार आहात.